घुमटामागची वाढ

मुंबईच्या दक्षिण टोकाला, रिगल चित्रपटगृहासमोर उभ्या असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची ओळख बहुतेकांच्या मनात त्याच्या घुमटाशी जोडलेली असली, तरी या संस्थेचा गेल्या दोन दशकांतील खरा विस्तार घुमटाच्या मागे, तळघरांत, कोठारांत आणि प्रयोगशाळांत झालेला आहे. सार्वजनिक कलासंग्रहालयाचे आधुनिकीकरण म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात यापेक्षा चांगले उदाहरण नाही. आणि मुंबईपासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

या वास्तूची पायाभरणी 11 नोव्हेंबर 1905 रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील काळातील राजा पाचवा जॉर्ज, याच्या हस्ते झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट याने कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट आणि मोगल धाटणीचे जाळीकाम असलेले सज्जे-कमानी यांचा मेळ घातला. आतील दालनात नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेले लाकडी खांबही त्याने बसवले. इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्ध पेटल्याने तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करण्यात आला, आणि संग्रहालय म्हणून तिचे दरवाजे 10 जानेवारी 1922 रोजीच उघडले. दवाखान्याच्या खाटा आधी आणि मूर्ती नंतर, असा हा काहीसा विचित्र आरंभ होता.

संग्रह मात्र दात्यांमुळे वेगाने वाढला. पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह 1915 मध्ये आला, त्यानंतर सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आले. सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाच्या भाजक्या मातीच्या मूर्ती, अकबराच्या चित्रशाळेतील ‘अन्वार-इ-सुहैली’ची सचित्र पोथी आणि घारापुरीची शिल्पे अशा वस्तूंमुळे विटेटने योजलेली जागा लवकरच अपुरी पडू लागली. संस्थेला आजचे नाव 1998 मध्ये मिळाले. जागेचा आणि जतनाचा प्रश्न नाव बदलल्याने सुटणारा नव्हता.

या प्रश्नाचे मूळ हवेत होते. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण, मुंबईत पावसाळ्यात फार वर जाते आणि ऋतूनुसार खालीवर होते. त्या चढउतारात लाकूड फुगते व आक्रसते, कागदावर बुरशी धरते, चित्रातील रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि समुद्री हवेतील क्षारांमुळे कांस्यमूर्तींवर हिरवट भुकटी पडून धातू आतून खचत जातो, ज्याला जतनतज्ज्ञ कांस्यरोग म्हणतात. दर्शनी काच कितीही झगझगीत केली, तरी तिच्यामागची हवा स्थिर नसेल तर वस्तू नष्ट होतेच. फक्त ती अधिक चांगल्या उजेडात नष्ट होते.

म्हणूनच 2008 मध्ये पाहुण्या प्रदर्शनांसाठी उभारलेल्या प्रेमचंद रायचंद दालनाला, तसेच वस्तूंचे परीक्षण, स्वच्छता व दुरुस्ती करणाऱ्या जतन केंद्राला, संस्थेच्या इतिहासात मोठे स्थान द्यावे लागते. परदेशातील संग्रहालय आपली वस्तू उसनी देताना तापमान, आर्द्रता, प्रकाशाची तीव्रता आणि सुरक्षा यांच्या अटी घालते, व वस्तू निघताना आणि पोहोचताना तिच्या प्रत्येक ओरखड्याची नोंद असलेला स्थिती-अहवाल तपासते. या कसोटीला उतरल्यामुळेच 2012 मध्ये ब्रिटिश म्युझियममधील ममी, 2013 मध्ये सायरसचा मातीचा लेख आणि 2017 मध्ये ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन मुंबईला येऊ शकले. त्याच काळात 2011 मध्ये अभ्यागत केंद्र आणि 2019 मध्ये मुलांचे संग्रहालय आवारात उभे राहिले. दोन्ही इमारती मुख्य वास्तूच्या उंचीशी किंवा आकाराशी स्पर्धा करत नाहीत, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण होय. मुख्य वास्तूच्या जीर्णोद्धाराला 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान मिळाला. याउलट, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या शाखेसाठी 2014 मध्ये जागतिक स्पर्धेतून स्टीव्हन हॉल या अमेरिकी वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला होता. त्यानंतरच्या दशकात ती नवी शाखा कागदावरच राहिली, हे लक्षात घेतले म्हणजे फोर्टमधील या संथ, तुकड्यातुकड्याने झालेल्या वाढीचे शहाणपण अधिक उठून दिसते.

विस्ताराची आणखी एक दिशा आवाराबाहेर गेली. 2015 पासून या संस्थेची वातानुकूलित बस, चाकांवरचे छोटे दालनच म्हणावे अशी, शहरापासून लांबच्या शाळांपर्यंत जाते. तथापि 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची गरज बसने भागणारी नाही, कारण येथील कला मुळात जागेवरच आहे. औंढा नागनाथाच्या मंदिराचा यादवकालीन खालचा भाग, त्यावरील शिल्पपट्ट आणि मागाहून उभारलेला वरचा विटांचा व चुन्याचा भाग यांतून कित्येक शतकांची घडण एकाच भिंतीवर वाचता येते. ही शिल्पे हलवता येत नाहीत आणि हलवूही नयेत. मराठवाड्यातील गावोगाव मारुतीच्या पारापाशी टेकवलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिशिल्प, आणि शेंदराखाली किंवा तैलरंगाखाली झाकल्या गेलेल्या सुट्या मूर्ती यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना वातानुकूलित दालनाआधी क्रमांक, मोजमाप, छायाचित्र आणि सापडल्या ठिकाणाची नोंद हवी, कारण चोरीस गेलेली मूर्ती आपलीच आहे हे सिद्ध करायला याच नोंदी लागतात. पुरातत्त्व विभाग, ग्रामपंचायती आणि हिंगोलीतील महाविद्यालये यांनी मिळून हे काम तालुकावार हाती घ्यावे. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही.