संगणकाची मेमरी वाढविताना



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले व मराठवाड्यातील आपल्या समाजाला उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. आज त्या वाटेवर संगणक आवश्यक झाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि बँकेची भरती परीक्षा दोन्ही संगणकावरच होतात. नवा संगणक प्रत्येक घराला परवडत नाही. अभ्यासिकेतही जुन्यावरच भागवावे लागते. अशा वेळी मेमरी, म्हणजे रॅम, वाढविणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. मात्र न जुळणारी रॅम आणली तर तेवढाही पैसा वाया जातो. म्हणून या विषयाची थोडी माहिती येथे देत आहोत.

हार्ड डिस्क हे कपाट मानले तर रॅम हे टेबल होय. चालू कामाचे कागद टेबलावर असतात. टेबल लहान असेल तर दर वेळी कपाटाकडे उठावे लागते आणि काम रेंगाळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या स्वदेशी संगणकाच्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हिशेबाने ते अवघे १० केबी होतात. आज ८ जीबीच्या एका पट्टीत त्याच्या आठ लाखपटींहून अधिक माहिती मावते.

परंतु पट्टी नुसती मोठी असून भागत नाही. आपल्याकडील मंडळींना लातूर-मिरज बार्शी लाइट आठवत असेल. तिचे रूळ २ फूट ६ इंचांचे, तर ब्रॉडगेजचे ५ फूट ६ इंचांचे. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. रॅमचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पिढी. डीडीआर३ चे मानक २००७ साली, डीडीआर४ चे २०१२ साली व डीडीआर५ चे २०२० साली आले. डीडीआर३ ला २४० पिना व १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना व १.२ व्होल्ट. डीडीआर५ लाही २८८ पिना आहेत, पण व्होल्ट १.१ आणि खाच वेगळ्या ठिकाणी. म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही; जोर लावला तर मदरबोर्ड खराब होतो. नुसत्या प्रोसेसरवरून अंदाज बांधू नये. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी डीडीआर४ चे व डीडीआर५ चे असे दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले.

दुसरी गोष्ट प्रकार. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण साध्या डेस्कटॉपमध्ये त्या चालत नाहीत.

तिसरी गोष्ट मर्यादा. इंटेलच्या एच६१ बोर्डावर जास्तीत जास्त १६ जीबी चालते. साधी ३२ बिटांची विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरात येत नाही.

चौथी गोष्ट जोडी. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. शक्यतो सारख्याच क्षमतेच्या व वेगाच्या दोन घ्याव्यात.

खरेदीपूर्वी काय पाहावे? कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहावी. एकूण किती, वापरात किती, स्लॉट किती भरले, हे तेथे दिसते. नेहमीचे काम करताना मेमरी जवळजवळ भरत असेल तर रॅम वाढवावी. मेमरी मोकळी असून डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर आधी एसएसडीचा विचार करावा. जुन्या पट्टीवरचे लेबलही उतरवून घ्यावे. 'पीसी३-१२८००' म्हणजे डीडीआर३, १६०० वेगाची. 'पीसी४-२१३००' म्हणजे डीडीआर४, २६६६ वेगाची. हे लेबल दुकानात दाखवावे व वॉरंटीसह पक्के बिल घ्यावे.

आणखी एक लक्षात घ्यावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, मग रॅम कितीही असो. अशा संगणकावर लिनक्स हा मोफत पर्याय आहे.

पट्टी बसविताना वीज बंद करून वायर काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी व खाच जुळवून हलकेच दाबावे.

कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पारखून स्वीकारावे, हा विचार तथागतांनी कालामांना दिला. तो खरेदीतही उपयोगी पडतो. अभ्यासिकेसाठी रॅम घेताना पैसा सभासदांच्या वर्गणीतला असतो, म्हणून विद्यार्थ्यांनी आधी संगणक उघडून पाहावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी, एवढीच आमची विनंती.

भवतु सब्ब मंगलम्!