हॉलमध्ये प्रोजेक्ट चालू आहे!

हॉस्टेलच्या नियमांत हिटर, इस्त्री आणि इंडक्शनच्या पंगतीत सोल्डरिंग आयर्नलाही बसवलेलं आहे. लॅब पाचला बंद होते. मग थर्ड इयरच्या प्रोजेक्टचं हार्डवेअर करायचं कुठे? दर वर्षी मार्च महिन्यात हा प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. ग्रुपमध्ये जो डे-स्कॉलर असेल त्याचं घर! आमच्या ग्रुपमधला तो बकरा म्हणजे अस्मादिक. घर जुईनगरला, सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. हॉल चौदा फूट बाय दहा.

आमच्या ग्रुपमध्ये मी, एक लातूरकर, एक जळगावकर आणि आमची ग्रुप लीडर. प्रोजेक्ट होतं बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोबाईलवर दाखवण्याचं. डेमोला अठ्ठावीस दिवस. त्या अठ्ठावीस दिवसांत घरात चार जणांचं तात्पुरतं ऑफिस कसं मांडायचं आणि मुख्य म्हणजे कसं मांडायचं नाही, हे आम्ही शिकलो. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरावर ही धाड पडणार आहे त्यांच्यासाठी हा लेख. ज्या हॉस्टेलकरांना धाड घालायला जायचं आहे त्यांनी तर जरूर वाचावा.

आधी विजेचं बघू, कारण पहिला धक्का तिथेच बसायचा होता. घरातल्या साध्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. २३० व्होल्टने गुणलं की १३८० वॅट. आमच्या चार लॅपटॉपचे अडॅप्टर ६५ वॅटचे, म्हणजे २६०. सोल्डरिंग आयर्न २५, टेबल फॅन ५५, ग्लू गन ६०. बेरीज झाली ४००. म्हणजे भरपूर जागा शिल्लक, असं वाटलं. त्यामुळे एका सॉकेटला एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन आणि त्याला एक मल्टिप्लग अशी आगगाडी जोडली. चौथ्या दिवशी आईने त्याच बोर्डावर इस्त्री लावली. १००० वॅट! एकूण १४००. हिशेबाने फक्त वीस वॅट जास्त, पण पाच मिनिटांत करपल्याचा वास आला. पहिल्या एक्स्टेन्शनची पिन काढली तर तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं.

वीस वॅटने प्लॅस्टिक करपत नाही. खरा गुन्हेगार होता सॉकेटमधला सैल कॉन्टॅक्ट. समजा त्या सैल जागी अर्धा ओहम रेझिस्टन्स आहे. सहा अँपिअरचा वर्ग छत्तीस, त्याचं अर्धं अठरा. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या जागेत अठरा वॅट उष्णता. आपली सोल्डरिंग आयर्नच पंचवीस वॅटची असते हो! थोडक्यात, आम्ही भिंतीच्या आत एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवली होती. फर्स्ट इयरला आय स्क्वेअर आर घोकताना हे कोणी सांगितलं असतं तर तो फॉर्म्युला मी आयुष्यात विसरलो नसतो.

एमसीबीने ट्रिप का केलं नाही, असं जळगावकराने विचारलं. प्रश्न चांगला आहे. एमसीबी बघतो वायरमधून जाणारा एकूण करंट. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. त्यामुळे त्याला काही कळतच नाही. हात लावून पिन गरम लागते का हे बघणं, हाच त्यावरचा उपाय. वायरमन काकांना बोलावून सॉकेट बदललं. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन लावायचं नाही असा कायदा केला. इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट किचनमध्ये आहे, तिथेच ती लावायची हेही ठरलं. आणि एक, दोन पिनवाला स्वस्त बोर्ड घेऊ नका. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ते नसेल तर लॅपटॉपच्या मेटल बॉडीला झिणझिण्या येतात आणि चिप उडायचीही भीती.

वाय-फायमध्ये आमचा एक अख्खा रविवार गेला. आम्ही वापरलेला ईएसपी-३२ बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि आम्ही त्याला भक्तिभावाने ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचं नाव देत होतो. तो कसा जोडला जाणार! कोड तीनदा लिहून झाल्यावर हे लक्षात आलं. गच्चीवरच्या टाकीपर्यंत स्लॅब ओलांडून जायलाही २.४ च बरा. असो.

आता जागेचा विषय. इथे आम्ही जे केलं ते वाचून हसू नका.

हॉलमध्ये एकच मोठी खिडकी आहे. तिच्याजवळ आईचं शिलाई मशीन असायचं. पहिल्याच दिवशी मी ते उचलून बेडरूममध्ये नेलं आणि खिडकीला चिकटून दोन स्टुलांवर प्लायवूडची फळी टाकून आमचं टेबल केलं. उजेड छान, वारा छान, फोटोसुद्धा छान आला. ग्रुप लीडरने फोटोखाली लिहिलं, "इन्फोसिसची सुरुवातही अशीच झाली होती." ते खरंही आहे. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअर एकत्र आले, सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये भांडवल म्हणून मिळाले आणि नारायण मूर्तींच्या घरातली पुढची खोली हेच पहिलं ऑफिस झालं. आम्ही तर स्वतःला तसेच समजायला लागलो. येता-जाता काकू चहा, काकू पोहे!

अकराव्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. संध्याकाळी एक बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तीन वेळा फोन केला, ब्लाऊज झालाच नाही का हो? रविवारी हळद आहे." आणि त्यांची पिशवी काढायला आई वाकली तेव्हा आमच्या फळीखाली ठेवलेल्या त्या पिशवीत, मोरपंखी ब्लाऊजपीसवर, मुगाएवढं भोक दिसलं. सोल्डरचा थेंब. १८० अंशांच्या वर वितळणारी गोष्ट सिल्कवर पडली की दुसरं काय होणार?

आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. बाई गेल्यावरही बोलली नाही. फक्त माळ्यावरच्या पिशव्या खाली काढून मोजल्या. नऊ होत्या. लग्नसराईच्या तोंडावर अकरा दिवस मशीन बंद होतं. दिवसा बेडरूममध्ये बाबा झोपलेले असतात, त्यांची टीटीसी एमआयडीसीत रात्रपाळी असते. म्हणजे सकाळी मशीन चालवता येत नाही. दुपारी ते उठल्यावर बेडरूममध्ये उजेड नाही. आणि चारपासून हॉलमध्ये आम्ही. आमच्या घरात आधीपासूनच एक ऑफिस होतं, त्याला ठरलेली वेळ होती, खिडकी होती, गिऱ्हाईक होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

मला वाईट वाटलं ते एका जुन्या गोष्टीने. कॉन्व्हेंटमध्ये दर वर्षी डायरीत एक फॉर्म भरायला लागायचा. त्यात आईचा व्यवसाय या रकान्यात मी पहिलीपासून दहावीपर्यंत 'हाऊसवाइफ' लिहीत आलो. डायरीवरच्या प्लॅस्टिक कव्हरचे पैसे याच मशीनचे होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी शाळा ह्याच हॉलमध्ये ऑनलाइन भरायची. तेव्हा मशीनचा आवाज टीचरना जाईल म्हणून आई मास्क शिवायची ते रात्री, माझे क्लास आणि होमवर्क संपल्यावर. म्हणजे ही काही तिची पहिली वेळ नव्हती.

मी इन्फोसिसची गोष्ट सांगून सारवासारव करायला गेलो. ती म्हणाली, "लिज्जत पापड माहितीय का?" मला जाहिरातीतला ससा माहीत होता. तिने सांगितलं ते नंतर मी वाचूनही काढलं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. आजही त्या कामात मळलेलं पीठ बायका घरी नेतात, घरी लाटतात आणि पापड परत आणून देतात. म्हणजे त्यांची फॅक्टरी हजारो घरांत वाटलेली आहे. "त्या सगळ्या आधी घरात पापड वाळत घालायला जागा आहे का ते बघतात," आई म्हणाली, "तुम्ही बघितलं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे ब्लाऊजपीसची चिंधी घेऊन मॅचिंग सेंटरं शोधत हिंडलो. नेरुळ झालं, वाशी झालं. मोरपंखी रंगाचे सतरा प्रकार असतात ही माहिती कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही. लातूरकर दुकानदाराला कापड दाखवून "शेड डार्क वाटतेय" म्हणायला लागला तेव्हा आम्हाला हसावं की रडावं कळेना. दादरला सहाव्या दुकानात मिळालं. पैसे चौघांत वाटून घेतले. आईने रात्री जागून शिवला आणि हळदीच्या आदल्या दिवशी तो गेला. त्या बाईंना आईने सगळं खरं सांगितलं. त्यांनी परत काम दिलं की नाही हे मी विचारलेलं नाही.

त्यानंतर मांडणी बदलली आणि गंमत अशी की ती टेक्निकलीसुद्धा जास्त बरोबर निघाली. शिवणाऱ्याला उजेड कापडावर हवा असतो, लॅपटॉपवाल्याला तो स्क्रीनवर नको असतो. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनमध्ये खिडकीच दिसते. लॅपटॉपची जागा खिडकीला काटकोनात, आतल्या भिंतीशी. म्हणजे खिडकीवर आमचा हक्क नव्हताच! मशीन परत खिडकीत गेलं. आम्ही फळी आतल्या भिंतीला लावली. दोघे फळीवर, दोघे खाली चटईवर लॅपटॉप पाटावर ठेवून. पाटामुळे लॅपटॉपखालून हवा खेळते आणि मान थोडी तरी वर राहते.

वेळापत्रक कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहिलं. दुपारी एक ते साडेसहा हॉल आईचा. त्यात आम्ही चारला आलो तरी फक्त कोडिंग आणि रिपोर्ट, तेही गिऱ्हाईक आलं की जागा करून देऊन. मशीनचा आवाज चालणार, आमचे व्हिडिओ कॉल चालणार नाहीत. ते गच्चीवर जाऊन. सातनंतर सोल्डरिंग, तेही हॉलमध्ये नाही. गॅलरीत चौरंगावर उरलेली फरशी ठेवली, ती जळत नाही आणि पुसता येते. धूर असतो तो फ्लक्सचा, म्हणून उघडी हवा हवी. शिसं धुरापेक्षा हाताला लागून पोटात जातं, म्हणून पोह्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. हा नियम काकूंनी सर्वांत कडकपणे पाळायला लावला.

दोन अटी आईच्या. एक, सगळं सामान दोन क्रेटमध्ये मावलं पाहिजे आणि रात्री दहाला दहा मिनिटांत हॉल पहिल्यासारखा झाला पाहिजे, कारण तिथे अंथरूण पडतं. दुसरी, शेवटची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने. "तात्पुरतं म्हणून आलेलं आपल्याकडे कधी जात नाही," ती म्हणाली. आमच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये तात्पुरती ठेवलेली एक सायकल माझ्या जन्माआधीपासून आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडली ती क्रेटची अट. रोज मोडायचं आहे म्हटल्यावर वायरी आपोआप कमी झाल्या, प्रत्येक पिनला चिकटपट्टी लावून नाव आलं, हरवणारे स्क्रू सुपारीच्या डबीत गेले. लॅबमध्ये आमचं टेबल कधीच इतकं नीट नसतं, सर हे वाचत असतील तर सॉरी!

भाडं द्यावं असं ग्रुप लीडरचं म्हणणं होतं. आईने ते उडवून लावलं. मग उरलेल्या एलईडी पट्टीचा तुकडा मशीनच्या हाताखाली लावून दिला. ट्यूबलाइट वर आठ फुटांवर आणि तिच्यात मध्ये आईचं डोकं, त्यामुळे सुईवर कायम सावली पडायची. हा दिवा सुईपासून चार बोटांवर. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, त्यामुळे पाच व्होल्टवर काम भागलं. काळ्या कापडावर काळा दोरा घालायला आता तिला चष्मा शोधावा लागत नाही.

डेमो झाला. टाकीचा सेन्सर दोन दिवस बंद पडला, मग चालला. लाल तारखेला क्रेट हॉस्टेलला गेले. लातूरकर अजून अधूनमधून जुईनगरला उतरतो, पॅन्टची उंची कमी करून घ्यायला. काकू त्याला पोहे फुकट देतात, पॅन्टचे पैसे मात्र घेतात.