खाऱ्या हवेतले इंजिन

राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या दिघीत वारा खारा असतो, एवढे म्हणून भागत नाही. बिजागऱ्या, कौलांखालचे खिळे आणि सायकलींच्या साखळ्या ज्याने खाऊन टाकल्या, त्या वाऱ्याने, मालक मुंबईस गेल्यामुळे पडवीत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारसायकलीच्या अंतर्भागात काय उत्पात मांडला असेल, याचा अंदाज बाहेरच्या क्रोमवरून बांधणे केवळ अशक्य असते. वर घातलेली ताडपत्री तर पुष्कळदा घातच करते, कारण ती पाऊस अडवते आणि दमट हवा कोंडून ठेवते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून बांधलेली ‘जावा’ आणि तिचीच पुढची ‘येझदी’ यांचे उदाहरण घेऊ. कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी या गाड्यांचे शौकीन महाराष्ट्रात आजही आहेत. सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि गिअरची दांडीच वळवली की तिची किक होते, अशी ही मोठी गमतीची रचना. सुमारे २५० घनसेंटिमीटरच्या या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे गाडी बंद करताना पिस्टन खाली थांबला असेल, तर एक्झॉस्टची खिडकी उघडी राहते, सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा थेट सिलिंडरात शिरते, ओतीव लोखंडाच्या भिंतीवर गंज धरतो आणि रिंगा जागच्या जागी चिकटतात.

अशा वेळी किकवर उभे राहून जोर लावणे हा शुद्ध अविचार होय. रिंग तुटून तिचा तुकडा खिडकीत अडकला, की दुरुस्त होण्याजोगे सिलिंडरही कायमचे निकामी होऊ शकते. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे, मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढेमागे डोलवावे. केसभर हालचाल झाली तरी पुरे. उरलेले काम पुन्हा तेलावर सोपवावे.

सिलिंडर उतरल्यावर रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे बहुधा काळसर वलय दिसते. त्यावरून नख फिरवावे: नख अडत नसेल तर होनिंगने भागण्याची आशा असते, अडले तर बोअर वाढवावा लागतो. येथे एक पथ्य कसोशीने पाळावे. ओव्हरसाइझ पिस्टन आधी विकत घ्यावा, तो लेथवाल्याच्या हाती द्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करवून घ्यावा. कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो, आणि फट कमी राहिली तर नवे इंजिन पहिल्याच चढणीला जाम होते. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा हलणे स्वाभाविक, पण वरखाली खडखडला तर क्रँक उघडण्यावाचून गत्यंतर नाही. क्रँकचे ऑइल सील मात्र, दिसायला कितीही चांगले असोत, बदलावेतच: रबर कडक झाले की तेथून हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन भाजून निघतो. टाकीतला गंज, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये साचलेली डिंकासारखी राळ, पॉइंटची फट ही कामे त्यामानाने किरकोळ.

कागदपत्रांचा मामला मात्र किरकोळ नव्हे. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तजवीज केली असून, गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची अट आहे. म्हणून जुने केसिंग देऊन दुसरे चकचकीत केसिंग घेण्याचा सौदा कोणी सुचवला, तर तो कितीही स्वस्त पडो, साफ नाकारावा, आणि पाना हाती घेण्यापूर्वी आर. सी. बुकातील इंजिन नंबर केसिंगवरील नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा.