दुकलीची दोन वर्षे

जपानमधील एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात, रेल्वेस्थानकाकडून वस्तीत शिरणाऱ्या रस्त्याने, शुभ्र सदरा, काळी विजार, गळ्यात टाय, डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर काळी नामपट्टिका अशा वेषातले दोन तरुण सायकली हाकीत चाललेले दिसले, की तेथील रहिवाशांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. ही मंडळी कोण, कशासाठी आली आहेत आणि आपल्या दारी आलीच तर त्यांना कोणत्या सौजन्याने वाटेला लावावयाचे, हे त्यांना एव्हाना पुरते ठाऊक झालेले आहे. हे मॉर्मन पंथाचे मिशनरी. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेला, ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली १८४७ मध्ये यूटाच्या ओसाड खोऱ्यात जाऊन स्थिरावलेला, आणि बायबलच्या बरोबरीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथही ईश्वरप्रणीत मानणारा हा पंथ ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे लांबलचक अधिकृत नाव धारण करतो, आणि आपला संदेश जगभर पोहोचविण्याचे काम पक्व वयाच्या पंडितांकडे न सोपविता, ज्यांना मिसरूड फुटून फार दिवस झालेले नाहीत अशा मुलांकडे सोपवितो.

वयाची किमान अट २०१२ मध्ये मुलांसाठी एकोणिसावरून अठरावर आणि मुलींसाठी एकविसावरून एकोणिसावर आणण्यात आली. मुलांची मुदत दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. पंथात वाढलेल्या मुलाने जावे ही अपेक्षा इतकी सार्वत्रिक असते, की जावे की न जावे हा प्रश्न त्याच्या मनात उठण्यापूर्वीच घरच्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवलेले असते. वैद्यकीय तपासणी आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या मुलाखती उरकून दरखास्त सॉल्ट लेक सिटीस रवाना झाली, की कोणाची नेमणूक कोठे व्हावी याचा निर्णय तेथील बारा प्रेषितांच्या मंडळातील एखादा सदस्य करतो. उमेदवाराला देश मागण्याची मुभा नाही. वेतन अर्थातच नाही. उलट कुटुंबानेच दरमहा ठरावीक रक्कम भरावयाची असते, आणि अमेरिकेतील कुटुंबांसाठी ती २०२० पासून ५०० डॉलर झाली आहे. १९९१ पूर्वी ज्या देशात मुलगा जाई तेथल्या महागाईप्रमाणे बापाच्या खिशाला चाट बसे, आणि ज्याच्या पदरी जपान येई त्याच्या घरी अभिमानाबरोबर थोडी चिंताही शिरत असली पाहिजे. पुढे ही रक्कम सर्वांना समान करण्यात आली.

यूटामधील प्रोव्हो या गावी या मुलांची तालीम होते. जपानी शिकावयाची असेल तर सुमारे दोन महिने तेथे काढावे लागतात, आणि एवढ्या अवधीत ज्या भाषेत आदरार्थी रूपांचे थरच्या थर आहेत तिच्यात प्रार्थना करण्यापर्यंत आणि आपल्या श्रद्धेची साक्ष देण्यापर्यंत मजल मारावयाची असते. मात्र माझ्या मते या काळात त्याला जी खरी शिकवण मिळते ती भाषेची नाही. त्याला एक जोडीदार नेमून दिला जातो आणि त्या क्षणापासून त्याचे एकटेपण संपते.

या एका नियमावर सगळ्या मिशनरी जीवनाची इमारत उभी आहे. येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठविले या शुभवर्तमानातील दाखल्यावर तो आधारलेला आहे, आणि त्याची अंमलबजावणी मोठ्या काटेकोरपणे होते. जोडीदार सदैव एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असले पाहिजेत. स्नानगृहाचा अपवाद सोडला तर एकांत जवळजवळ नाहीच. झोपावयाचे एकाच खोलीत, मात्र वेगवेगळ्या बिछान्यांवर. अभ्यासाची मेजे शेजारीशेजारी. जोडीदाराची निवड स्वतः करता येत नाही. ती त्या प्रांताचा मिशन-अध्यक्ष करतो, जो स्वतः आपला व्यवसाय बाजूला ठेवून सपत्नीक तीन वर्षांसाठी आलेला असतो. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचे हुकूम निघतात, आणि मग कोणी बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरी जातो, तर कोणी त्याच घरात नव्या सोबत्याची वाट पाहतो. आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला, भल्या पहाटे आपण होऊन उठणारा मुलगा आणि त्याचा ओसाकाचा, शांत स्वभावाचा, गजर तीनदा बंद करणारा सोबती यांना सहा आठवडे, आणि अध्यक्षाने तसे ठरविल्यास बारा किंवा अठरा आठवडे, एकाच लहानशा घरात नांदावयाचे असते. एकाला खोकला झाला तर दोघेही घरी. एकाच्या सायकलीचे चाक पंक्चर झाले तर दोघेही पायी. रागावून बाहेर फेरी मारून यावे म्हटले, तर ज्याच्यावर रागावलो त्यालाच बरोबर घेऊन जावे लागते! लोक विचारतात, की दारादारांतून नकार ऐकणे या मुलांना कसे सोसते. पण नकार देणारे दार मिटते आणि मागे पडते, जोडीदार मात्र रात्री साडेदहाला दिवा मालवल्यावरही समोरच्याच बिछान्यावर असतो.

नियमाचा हेतू उघड आहे. परमुलखात सोबत हवी, मोहाच्या प्रसंगी साक्षीदार हवा, आणि एकाचा उत्साह मावळला तर दुसऱ्याचा कामास यावा, एवढी व्यवहारी दूरदृष्टी त्यात निश्चित आहे. परंतु त्याचा एक परिणाम असाही होतो, की अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःशी एकट्याने बसून शंका घेण्यास सवडच मिळत नाही. हा लाभ मानावा की हानी, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर अवलंबून आहे. मला तो भाग काहीसा अस्वस्थ करतो.

दिनक्रम साडेसहाला सुरू होतो. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, नंतर धर्मग्रंथांचा एकट्याचा अभ्यास, मग जोडीने अभ्यास, वर भाषेचा. हे सगळे आटोपून मंडळी बाहेर पडतात ती रात्री नऊच्या सुमारास परततात. जून महिन्यात जपानचा पावसाळा लागतो, आणि रेनकोट घालून सायकल हाकताना आतला सदरा पावसाने नाही तर घामाने भिजतो. जपानी घराचे दार सहसा उघडतच नाही; भिंतीवरच्या यंत्रातून एक आवाज येतो. मुलगा पाठ केलेले वाक्य शक्य तितक्या विनयाने म्हणतो, क्षणभर शांतता पसरते आणि मग ‘केक्को देसु’ एवढे दोनच शब्द ऐकू येतात. आपल्याकडे ‘नको, बाबा’ म्हणावे तसा त्यांचा आशय. त्यांत राग नसतो, तिरस्कार नसतो, आणि पुन्हा बोलण्यास जागाही नसते. अलीकडे दारोदारच्या फेऱ्यांपेक्षा स्थानकाजवळ उभे राहून ओळखी काढणे, समाजमाध्यमांवरून संपर्क साधणे आणि इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग चालविणे यांवर अधिक भिस्त असते. त्या वर्गाला येणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी हवी असते, धर्म नको असतो. शिकविणाऱ्यांनाही ते ठाऊक असते.

सभासदांची वस्ती जेथे दाट आहे, तेथे आठवड्याचा एकेक दिवस एकेका कुटुंबाकडे भोजनास जाण्याची वहिवाट आहे. वार लावून जेवून विद्या संपादन केलेल्या आपल्या जुन्या पिढीला ही रीत समजावून सांगावी लागली नसती. जपानात मात्र सभासद विरळ, त्यामुळे बव्हंशी भात, अंडी आणि बाजारात मिळणाऱ्या करीच्या वड्या यांवर स्वयंपाक घरीच निभावतो. कोणी पाहुणचारास बोलावलेच, तर आणखी एक पेच उभा राहतो. १८३३ पासून चालत आलेल्या आरोग्यविषयक आदेशानुसार या पंथात मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत, आणि चहात जपानचा हिरवा चहाही आला. ज्या देशात पाहुण्यासमोर चहाचा पेला ठेवणे म्हणजेच त्याचे स्वागत करणे, तेथे तो पेला हळूच बाजूला सारावा लागतो. जाणत्या यजमानीण बाई अशा वेळी भाजलेल्या जवाचा ‘मुगिचा’ पुढे करतात. तो या मुलांच्या नियमांत बसतो, आणि दोन्ही बाजूंची पत राहते.

आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, केस कापण्याचा, बाजारहाटाचा. पण संध्याकाळी पुन्हा कामावर हजर व्हावेच लागते. घरी पत्रे धाडण्याचाही हाच दिवस. २०१९ पर्यंत घरच्यांचा आवाज वर्षातून दोनदाच, नाताळात आणि मातृदिनी, कानी पडत असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून दर आठवड्यास बोलण्याची परवानगी मिळाली. जुन्या पिढीतील काही मंडळींना ही सवलत अंमळ जास्तच वाटली, असे म्हणतात. आपण सोसले ते पुढच्याने का सोसू नये, हा वडीलकीचा तर्क सर्व धर्मांत सारखाच दिसतो.

जपानातील या उद्योगाचा इतिहास नम्र करून सोडणारा आहे. १२ ऑगस्ट १९०१ रोजी हीबर ग्रांट हे प्रेषित तीन सहकाऱ्यांसह योकोहामास उतरले. बहुपत्नीकत्वाची प्रथा पंथाने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली होती, तरी जपानी वृत्तपत्रांनी चर्चा मांडली ती प्रामुख्याने तिचीच. त्या चौघांत आल्मा टेलर हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. तो १९१० पर्यंत तेथे राहिला, जपानी भाषा आत्मसात केली आणि १९०९ मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’चे भाषांतर प्रसिद्ध केले. त्याच्या भाषेवर साहित्यिक हात फिरविणारा इकुता चोको याने पुढे दोनच वर्षांनी नीत्शेचा ‘झरथुष्ट्र’ जपानीत आणला, ही योगायोगाची गंमत नमूद केल्याशिवाय राहवत नाही. पहिला दीक्षित नाकाझावा हा पूर्वाश्रमीचा शिंतो पुरोहित होता. परंतु पाठोपाठ येणारे फार थोडे निघाले, आणि तेवीस वर्षांच्या खटाटोपानंतरही संख्या दोनशेच्या आतच राहिली. १९२४ मध्ये मिशन बंद करण्याचा निर्णय झाला, आणि तो घेणारे पंथाध्यक्ष तेच ग्रांट होते. महायुद्धानंतर १९४८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

आपल्या महाराष्ट्रालाही या लोकांचा स्पर्श फार पूर्वी होऊन गेलेला आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा प्रचारक मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास गेला. लष्करी अंमलदारांनी छावणीत उपदेश करण्यास त्याला मनाई केली, तरी मूठभर माणसे त्याने जमविली. तो मात्र बराच काळ एकटाच होता, आणि काही वर्षांतच पंथाने भारतातला हा पहिला डाव मोडला.

जेथे पेरलेले सहजी उगवत नाही, तेथे मोजदादीचा मोह बळावतो. किती जणांशी बोलणे झाले, किती जण प्रार्थनेस आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख दिली, असा हिशेब मिशनरी दर आठवड्यास वर पाठवितात. १९८० च्या आसपास टोकियोच्या एका भागात हे आकडे भराभर वाढले. तरुण जपानी मुलांना अल्पावधीत बाप्तिस्मे देण्यात आले, आणि त्यांपैकी पुष्कळांनी नंतर चर्चची पायरी चढली नाही. या प्रकरणावर पंथातल्याच अभ्यासकांनी कठोर लिहिले आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

मुदत संपली की तरुण परततो, त्याचा वरिष्ठ त्याला रीतसर सेवामुक्त करतो, आणि नामपट्टिका उतरते. आजारामुळे किंवा मनाने खचून जे मुदतीपूर्वीच परततात, त्यांच्या वाट्याला मंडळींच्या कुजबुजीचा जाच येतो, आणि तो कमी व्हावा म्हणून अलीकडे प्रयत्न चालू आहेत. मुदत पुरी केलेल्यांपुढे शिक्षण, विवाह, नोकरी अशी ठरलेली वाट असते. पण सोबत आणलेली भाषा काहींना भलत्याच दिशेला नेते. १९७१ मध्ये मिशनरी म्हणून जपानात गेलेला केंट गिल्बर्ट हा यूटामध्ये वाढलेला तरुण पुढे वकील होऊन टोकियोस परतला, आणि एके काळी ज्यांच्या दारातून त्याला ‘केक्को देसु’ ऐकावे लागले असेल, त्याच घरांत १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवरचा लोकप्रिय गप्पिष्ट म्हणून आनंदाने पाहिला जाऊ लागला.