थकलेले रक्षक : युद्धाच्या रूपकाची मर्यादा

प्रतिकारशक्तीचे वर्णन करताना आपले गद्य सहजच युद्धाची परिभाषा स्वीकारते : शत्रू, सैनिक, तटबंदी. यकृताच्या दीर्घकालीन 'ब' काविळीपुढे ही परिभाषा अपुरी पडते. या रोगाचा विषाणू यकृतपेशींचा प्रत्यक्ष नाश सहसा करीत नाही. बाधित पेशींवर तुटून पडणाऱ्या टी-पेशीच तो मुख्यतः घडवून आणतात. प्रौढपणी झालेला संसर्ग त्या बहुधा निपटून काढतात. अर्भकावस्थेत झालेला मात्र सुमारे ९० टक्के बालकांत कायम राहतो. विषाणूची प्रथिने वर्षानुवर्षे समोर राहिली, की टी-पेशींवर पीडी-१ सारखे निरोधक ग्राहक वाढतात आणि त्यांची मारकशक्ती क्रमाक्रमाने क्षीण होते. शास्त्रज्ञ या अवस्थेस 'थकवा' म्हणतात. अखंड मारा यकृतास सोसणारा नसल्यामुळे हा थकवा अंशतः संयमही ठरतो. त्याची किंमत अशी की विषाणू टिकून राहतो आणि काही रुग्णांत यकृतकाठिण्य वा कर्करोग उद्भवतो. 'क' कावीळ औषधांनी बरी झाल्यावरही टी-पेशींच्या जनुकनियंत्रणात या थकव्याचे व्रण उरतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. 'ब' काविळीवर लस आहे. ती जन्मानंतर २४ तासांच्या आत देण्याचा आग्रह धरला जातो, तो याचसाठी.