माणसं दहापेक्षा कमी, म्हणजे कायदा लागू नाही? जरा थांबा

धंदा सुरू करताना आपण जागा बघतो, भांडवल जमवतो, शॉप अ‍ॅक्टची पावती काढतो (मुंबईत अजूनही सगळे त्याला गुमास्ताच म्हणतात), ती दाखवून बँकेत करंट अकाउंट उघडतो आणि समजतो, सरकारी काम संपलं. पहिला पोरगा कामावर ठेवतो तेव्हा मात्र सगळं तोंडी. "बारा हजार देतो, जमेल का?" तो म्हणतो जमेल. झालं.

इथेच घोळ आहे.

महाराष्ट्रात १९४८ चा जुना दुकाने कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात छोट्या दुकानदाराला मोठी सवलत मिळाली. दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा दहावरून वीसवर न्यायला मंजुरी दिली. छान झालं. पण या सवलतीचा लोकांनी भलताच अर्थ काढला, की आपल्याला कामगार कायदाच नाही.

किमान वेतनाला दहा-वीसची रेषा नाही. एक माणूस ठेवला तरी ते लागू होतं. दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्य सरकार दर ठरवतं: तुमचं गाव कोणत्या परिमंडळात आहे, माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर मूळ वेतन, आणि त्यावर विशेष भत्ता. हा भत्ता जानेवारीत आणि जुलैत, असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ठरवलेला पगार तेव्हा बरोबर असेल, आज कमी पडत असेल. कामगार आयुक्तालयाचा ताजा तक्ता काढा आणि बिल बुकाशेजारी चिकटवून ठेवा.

"पण तो स्वतःच तयार झाला, कागदावर सहीसुद्धा केली!" त्या सहीला किंमत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार कायद्यापुढे टिकतच नाही.

आता याचा हिशोब बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार कामगार तीन वर्षांपर्यंतच्या थकबाकीचा दावा करू शकतो. महिन्याला २,००० रुपये कमी दिले तर तीन वर्षांत ७२,००० होतात. त्यावर भरपाई लागू शकते, ती दाव्याच्या दहापटीपर्यंत. आणि पगार दिला हे सिद्ध करायचं मालकाने! रोख देऊन कुठे नोंदच नसेल तर काय दाखवणार? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पगार बँकेतून किंवा यूपीआयने द्या, वेतनचिठ्ठी द्या. फुकटचा पुरावा आहे तो.

कापाकापीचं पण तसंच. दोन दिवस खाडा केला म्हणून चार दिवसांचा पगार कापणारे मालक सर्रास दिसतात. कापायचा तर दोनच दिवसांचा. गल्ल्यात पैसे कमी आले म्हणून सगळ्या पोरांत वाटून टाकायचे, हेही चालत नाही. नुकसान त्याच माणसाच्या निष्काळजीपणाने झालं हे दिसलं पाहिजे, आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. उचल वसूल करता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नाहीत. गणपतीत मोठी उचल दिली असेल तर परतफेडीचे हप्ते तेव्हाच लिहून घ्या, दिवाळीत भांडण नको.

पगाराची तारीख? महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब पूर्ण. "पंधरा दिवसांनी ये, बघू" हे बंद.

आता ज्यांचं दुकान वाढलंय, त्यांच्यासाठी. समजा कापड दुकान आहे, बावीस माणसं, सकाळी दहा ते रात्री नऊ, मधे एक तास जेवण. कामाचे झाले दहा तास, सहा दिवसांचे साठ. कायद्याने आठवड्याला ४८ तास, म्हणजे बारा तास जादा, आणि त्याला दुप्पट दर. १५,६०० पगाराला २६ दिवस धरले तर रोजचे ६००, तासाचे ७५, जादा तासाचे १५०. एका माणसामागे आठवड्याला १,८०० रुपये! आणि पैसे देऊनही सुटका नाही, कारण तीन महिन्यांत जादा तास १४४ च्या वर नकोत (आधीची मर्यादा १२५ होती). आपले तेरा आठवड्यांत होतात १५६. म्हणजे दोन पाळ्या लावणं हाच मार्ग. अर्धी माणसं दहाला बोलवा, अर्धी बाराला. सकाळी गिऱ्हाईक असतंच किती?

याच कायद्यात आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दुकान ३६५ दिवस उघडं ठेवा, परवानगी आहे, फक्त सुट्ट्या आळीपाळीने द्या. बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते.

या आठवड्यात एकच काम करा. एक दोनशे पानी वही आणा, प्रत्येक माणसाचं नाव, रुजू तारीख, ठरलेला पगार, उचल आणि हजेरी लिहायला घ्या. पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून वेतनचिठ्ठी कशी बनवायची ते करून दाखवतो.