पदवी इथली, परवाना तिथला

अभियांत्रिकीची पदवी घेऊन परदेशी जाणाऱ्या तरुणास तेथे मालक मिळाला की त्याचे निम्मे काम झाले. दंतवैद्यकाच्या पदवीधराचे तसे नाही. त्याला मालक मिळून भागत नाही आणि रुग्ण मिळूनही भागत नाही. मायदेशी चार वर्षे शिकून, पाचवे वर्ष इंटर्नशिपमध्ये घालवून, पुढे दवाखान्यात शेकडो दाढा काढलेला बी.डी.एस. पदवीधर ज्या दिवशी लंडनच्या विमानतळावर उतरतो, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो दंतवैद्य राहत नाही. तेथे त्याने नोंदणीवाचून कोणाच्या दातात सिमेंट भरले, तर तो गुन्हा ठरतो. हात तोच, विद्या तीच. बदललेली असते ती केवळ भूमी.

हा अन्याय आहे की सावधगिरी, या प्रश्नाचे उत्तर सहसा उत्तर देणाऱ्याच्या स्थानावरून ठरते. ताटकळणाऱ्या पदवीधरास आणि त्याच्या कर्जदार पालकास तो उघड अन्याय वाटतो. परदेशातील व्यवसायबंधूंना ती रुग्णहिताची आवश्यक तजवीज वाटते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच ती एकमेकांपासून वेगळी करून तपासली पाहिजेत.

परवाना कशासाठी?

बाजारात भाजी घेणारी गृहिणी वांगे दाबून पाहते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला असे काही दाबून पाहता येत नाही. नीट केलेले रूट कॅनाल आणि अर्धवट केलेले रूट कॅनाल ही दोन्ही वरून टोपी बसवल्यावर सारखीच दिसतात. दोष उघडा पडतो तो कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, मुळाशी पू झाल्यावर. उपकरणे निर्जंतुक केली होती की नव्हती, हे तर रुग्णास कधीच कळत नाही. विकणाऱ्यास मालाची पारख आहे आणि घेणाऱ्यास नाही, अशा बाजारात चांगला मालही वाईटाच्या भावाने जातो, हे जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. अशा बाजारावरील उपायांत त्याने व्यावसायिकांच्या परवान्याचाही उल्लेख केला होता. परवाना म्हणजे रुग्णाच्या वतीने समाजाने आधीच करून ठेवलेली पारख होय.

ब्रिटनला ही पारख कायद्याने करण्यास बराच काळ लागला. १८७८ च्या कायद्याने ‘दंतवैद्य’ ही उपाधी लावण्याचा अधिकार नोंदणी झालेल्यांपुरता ठेवला. पण उपाधी न लावता दात उपटण्यास कोणास मज्जाव नव्हता. तो मज्जाव १९२१ च्या कायद्याने केला. मात्र तो करताना पार्लमेंटने एक व्यवहारी शहाणपण दाखविले. पदवी नसताना जे लोक आधीपासून प्रामाणिकपणे हा धंदा करीत होते, त्यांना ठराविक अटींवर नोंदणीत सामावून घेतले. स्वतंत्र भारताने १९४८ साली दंतवैद्य कायदा केला तेव्हा हाच मार्ग अनुसरला. नोंदणीपुस्तकाचा ‘ब’ भाग अनुभवावर व्यवसाय करणाऱ्यांसाठी राखला गेला. दार कोणते असावे याबरोबरच दाराबाहेर उभ्या असलेल्यांचे काय करावे, याचाही विचार कायद्याने करावयाचा असतो, याचे हे दोन्ही दाखले आहेत.

परीक्षेची वाट

आज ब्रिटनमध्ये दंतवैद्यांची नोंदणी जनरल डेंटल कौन्सिल ही संस्था करते. भारतीय पदवीधरासाठी नोंदणीची मुख्य वाट २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन’ या परीक्षेतून जाते. आधी इंग्रजीचे प्रभुत्व सिद्ध करावयाचे, मग परीक्षेचा पहिला लेखी भाग. त्यात शरीरशास्त्र, रोगविज्ञान व दंतोपचार यांच्याबरोबरच तेथील कायदा आणि व्यवसायनीती यांवरही प्रश्न असतात. दुसरा भाग प्रात्यक्षिकाचा. पुतळ्याच्या तोंडातील कृत्रिम दातांवर ठरलेल्या वेळात काम करून दाखवावयाचे, रुग्णाशी बोलून दाखवावयाचे, उपचाराची योजना आखावयाची, आणि खुर्चीत रुग्ण एकाएकी बेशुद्ध पडला तर काय करावे हेही दाखवावयाचे.

यातील एकही गोष्ट गैरवाजवी नाही. तेथील रुग्णाची भाषा समजली पाहिजे, तेथील औषधांची नावे व तेथील कायदा ठाऊक पाहिजे, हे कोण नाकारील? कृत्रिम दातावर काम करताना लाळ नसते, जीभ आडवी येत नाही, रुग्ण दचकत नाही. तरीही अनुभवी हात तेथे अडखळतात, कारण मोजमाप दशांश मिलिमीटरचे असते. परीक्षा कठीण आहे ही तक्रार म्हणूनच टिकणारी नाही. कठीण परीक्षा रुग्णाचे रक्षण करते.

ही चाळण एकट्या ब्रिटनची आहे असेही नव्हे. कॅनडा ज्ञान, निर्णयशक्ती व हस्तकौशल्य यांची वेगवेगळी पारख करतो. ऑस्ट्रेलियात लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा आहेत. अमेरिकेत तर बहुतेक राज्यांत परदेशी पदवीधरास दोन-तीन वर्षे पुन्हा तेथील महाविद्यालयात बसावे लागते, आणि त्याचा खर्च एक लाख डॉलरच्या पुष्कळ पुढे जातो. आपण स्वतःही याला अपवाद नाही. परदेशी दंतवैद्यकीय पदवी घेऊन मायदेशी परतणाऱ्या भारतीयासाठी आपल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची चाळणी परीक्षा आहेच. जे आपण करतो ते दुसऱ्याने केले म्हणून रागावणे शोभणारे नाही.

दाराची रुंदी

तक्रारीस खरी जागा आहे ती परीक्षेच्या काठिण्यात नव्हे, तर परीक्षेला बसावयास मिळण्यात. दर बैठकीच्या जागा मोजक्या आणि उमेदवार हजारो, अशी स्थिती वर्षानुवर्षे आहे. २०२० च्या साथीत परीक्षा बंद पडली ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या भागाच्या पहिल्या प्रयत्नापासून पाच वर्षांत दुसरा भाग उत्तीर्ण झाला पाहिजे, असा त्या वेळचा नियम होता. परीक्षाच होत नसताना मुदत मात्र धावत होती. मुदत हुकलेल्यांना न्याय देण्यासाठी अखेर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी पहिल्या भागाच्या पुढील काही बैठकींच्या जागा २०० वरून ६०० करण्यात आल्या. मागणी होतीच, वाढवावयाचे ठरविले तेव्हा जागा वाढल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाट पाहण्याचीही किंमत असते, आणि दंतवैद्यकात ती दुहेरी असते. दुसऱ्या भागाचे शुल्क अलीकडे चार हजार पौंडांच्या वर, म्हणजे चार लाख रुपयांच्या पलीकडे गेले आहे. पण ते निदान आकड्यात मांडता येते. हस्तकौशल्याची झीज आकड्यात मांडता येत नाही. सतार दोन वर्षे खुंटीवर टांगून ठेवली तर हात सुटतो. तसाच दंतवैद्याचाही सुटतो. ताटकळणारा उमेदवार दवाखान्यात साहाय्यकाचे काम करतो, क्वचित दुकानात उभा राहतो, आणि मग त्याच्याकडून अपेक्षा केली जाते ती दशांश मिलिमीटरच्या अचूकतेची. पूर्वी अशा पदवीधरास दातांची स्वच्छता व साधे उपचार करणाऱ्या दुय्यम श्रेणीत नोंदणी मिळून हात चालता ठेवता येत असे. २०२३ च्या त्याच दुरुस्तीने ती वाट बंद झाली. रुग्णरक्षणासाठी उभारलेली व्यवस्था विलंबाच्या वाटेने रुग्णाचेच अहित कसे करू शकते, याचे हे उदाहरण होय.

हे सारे तेथे दंतवैद्यांची रेलचेल असती तर समजण्यासारखे होते. वस्तुस्थिती उलट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात सरकारी आरोग्यसेवेचे रुग्ण घेणारा एक दंत दवाखाना पुन्हा उघडला, तेव्हा नाव नोंदविण्यासाठी शेकडो माणसांची रांग लागली आणि ती आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. एका रांगेत रुग्ण उभे, दुसऱ्या रांगेत दंतवैद्य उभे, आणि दोन्ही रांगांची गाठ पडू नये अशी व्यवस्था! त्यातही युरोपीय देशांतील पदवीधरास ही परीक्षा द्यावी लागत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरही त्या पदव्यांची मान्यता पुढे चालू ठेवण्यात आली. बुखारेस्टचा पदवीधर परीक्षेवाचून नोंदला जातो आणि मुंबईचा अडतो, याचे कारण दोघांच्या हातांत शोधून सापडणार नाही. ते जुन्या राजकीय करारांत आहे. तेथील तुटवड्याचे एक मोठे कारण सरकारी कामाचा अपुरा मोबदला हे आहे, आणि परदेशी दंतवैद्यांनी तो सारा भरून निघेल असे नव्हे. परंतु म्हणून तयार हात बसवून ठेवण्याचे समर्थन होत नाही.

व्यवसायसंघांच्या हाती दाराची किल्ली गेली की दार अरुंद होत जाते, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे. मिल्टन फ्रीडमन व सायमन कुझ्नेट्स यांनी १९४५ साली अमेरिकेतील डॉक्टर व दंतवैद्य यांच्याच मिळकतींची तुलना करून या प्रश्नास हात घातला होता. पुढे १९६२ च्या आपल्या ग्रंथात फ्रीडमनने एक बोलके उदाहरण दिले. १९३३ नंतर जर्मनीतून कितीतरी निष्णात डॉक्टर परागंदा झाले; पण त्यानंतरच्या पाच वर्षांत अमेरिकेत परवाना मिळालेल्या परदेशशिक्षित डॉक्टरांची संख्या आधीच्या पाच वर्षांइतकीच राहिली. परवानेच नकोत, हा फ्रीडमनचा निष्कर्ष रुग्णाच्या खुर्चीत बसून पटणारा नाही. पण त्याने दिलेली कसोटी मोलाची आहे. बाहेरचे उमेदवार कितीही वाढले तरी आत येणाऱ्यांचा आकडा हलत नसेल, तर ती गुणवत्तेची चाळण नसून संख्येची वेस आहे, असे खुशाल समजावे.

नाण्यावरचा छाप

एवढे म्हटल्यावर आरसा आपल्याकडेही वळविला पाहिजे. भारतात आज तीनशेंहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची त्यांची क्षमता आहे. त्यांत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयासारख्या नामांकित संस्था आहेत; आणि जेथे विद्यार्थ्यांच्या मानाने रुग्णच येत नाहीत अशाही संस्था आहेत. पदवीच्या कागदावर मात्र दोघांचे अक्षर एकच. परदेशी परीक्षकाने या दोहोंत फरक तरी कसा करावा? अॅकरलॉफच्या जुन्या मोटारीचा न्याय येथे आपल्याच पदवीला लागू पडतो. सुमार महाविद्यालयाने सढळ हाताने वाटलेल्या पदवीची किंमत तेथील विद्यार्थी एकटा मोजत नाही. उत्तम महाविद्यालयात घाम गाळलेला विद्यार्थीही ती मोजतो. खोटी नाणी चलनात असली की खरे नाणेही वाजवून घेतले जाते.

म्हणून या प्रश्नाचा मोठा भाग लंडनला नव्हे, तर दिल्लीत सुटणारा आहे. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. त्यात सर्व देशासाठी एकच अंतिम परीक्षा घेण्याची आणि महाविद्यालयांचे मूल्यमापन करण्याची तरतूद आहे. ही परीक्षा कसोशीने झाली, तिचे निकाल महाविद्यालयवार प्रसिद्ध झाले आणि नापास करण्याचे धैर्य तिने दाखविले, तर भारतीय पदवीवर प्रथमच असा छाप उमटेल की जो परक्यालाही वाचता येईल. परस्पर मान्यतेचे तत्त्व जुन्या कायद्यातही होते. पण परस्परता ही मागून मिळत नसते, पत असली की ती आपोआप जुळते.

ज्यांच्या शिक्षणाचा भार सरकारी महाविद्यालयांतून करदात्याने उचलला ते परदेशाची सेवा का करतात, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या मिळकतीवर कर सुचविला होता, तो याच जाणिवेने. पण पदवीधरास अडवून खेड्यात दंतवैद्य जात नाही. तेथे त्याच्यासाठी खुर्ची, वीज आणि पगार यांची सोय असेल तरच तो जाईल. शहरातल्या एका रस्त्यावर चार पाट्या आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रात एकही दंतवैद्य नाही, ही विषमता लंडनच्या परीक्षेने निर्माण केलेली नाही.

तात्पर्य, परीक्षा असावी, कठोर असावी. पण पात्र ठरणाऱ्या प्रत्येकास तिला वाजवी काळात बसता यावे, आणि उत्तीर्णांची संख्या हातांच्या गुणावर ठरावी, टेबलांच्या संख्येवर नव्हे. एवढे ब्रिटनकडे मागण्याचा भारतीय पदवीधरास अधिकार आहे. आणि आपली पदवी पाहताच परीक्षकाच्या मनात शंका येऊ नये अशी ती करून द्या, हे मायदेशाकडे मागण्याचा त्याचा अधिकार त्याहून मोठा आहे. पहिली मागणी तो रांगेत उभा राहून करीतच आहे. दुसरी त्याच्या वतीने येथे कोणी तरी केली पाहिजे.